गळ टाकायला निघालात? मग कुत्र्याला आधी कंटाळायला शिकवा

पाऊस उघडला की दरवर्षी कुत्र्यांच्या या कॉलमला गळवाल्या मंडळींचे प्रश्न यायला लागतात, यंदा जरा जास्तच आलेत, म्हणून लसीकरण, केस गळणं वगैरे सगळं पुढच्या अंकावर ढकलून हा अख्खा कॉलम त्यांनाच देतेय. बडोद्यात मासे पकडायला जाणारे मराठी लोक इतके असतील असं मला खरंच वाटलं नव्हतं, त्यात निम्म्या घरी मासे शिजवायला परवानगीच नाही असंही त्यांनीच लिहिलंय, असो.

प्रश्न : ताई नमस्कार. माझ्याकडे दोन वर्षांचा लॅब (लॅब्राडोर) आहे, ब्रुनो. मी आणि माझे दोन मित्र रविवारी पहाटे मही नदीवर सिंधरोटच्या बाजूला जातो गळ टाकायला. ब्रुनोला सोबत न्यायची फार हौस आहे पण तो जागेवर टिकतच नाही. रॉड फिरवला की भुंकतो, फ्लोट (दोऱ्याला बांधलेला तरंगता बोंडूक) बुडाला की माझ्या आधी तोच पाण्यात, आणि मासा वर आला की सरळ त्याच्यावर झेप. घरी मात्र एकदम शहाणा, सिट म्हटलं की बसतो, हात मागितला की हात देतो. मित्र म्हणतात पुढच्या वेळी याला आणलंस तर आम्ही येत नाही. मारल्याशिवाय काही उपाय आहे का? (कारेलीबाग)

उत्तर : दादा, मारणं तुम्ही स्वतःच बाजूला काढलंत ते बरं केलंत, माझे दोन परिच्छेद वाचले. मार खाल्लेला कुत्रा पाण्याकाठी शांत होत नाही, तो फक्त तुमच्यापासून लांब पळतो, आणि नदीवर कुत्रा लांब पळणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

आधी ब्रुनोची बाजू ऐका. लॅब्राडोरचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या कोळ्यांचे कुत्रे. बर्फासारख्या पाण्यात उड्या मारून जाळ्याच्या दोऱ्या ओढून आणायच्या आणि गळातून निसटलेला मासा तोंडात धरून होडीत आणून द्यायचा हेच त्यांचं काम होतं, पिढ्यान् पिढ्या. तेव्हा फ्लोट बुडाल्यावर ब्रुनो उडी मारतो तो आगाऊपणा नाहीये, त्याला वाटतं आपली ड्युटी लागली.

आता घरी शहाणा आणि नदीवर येडा असं का? तर सिट ही तीन सेकंदांची गोष्ट आहे. बसला, बिस्किट मिळालं, संपलं. तुम्हाला नदीवर हवंय ते म्हणजे दोन तास काहीही न करणं, समोर मासे उडतायत, बगळे चालतायत, मित्र ओरडतायत, आणि याने पडून राहायचं. हे त्याला कुणी कधी शिकवलंच नाही. आपण कुत्र्याला उठ, बस, पळ, आण सगळं शिकवतो, कंटाळायला कुणी शिकवत नाही. मासेमारीवर न्यायचा कुत्रा म्हणजे ज्याला छान कंटाळता येतं असा कुत्रा, माझ्या मते बाकी सगळं त्याच्या नंतर.

तर सुरुवात नदीवर करायचीच नाही, घरच्या हॉलमध्ये करायची. एक जुनी सतरंजी किंवा गोधडीचा तुकडा घ्या, गुंडाळून पिशवीत मावेल एवढा, आणि तो फक्त याच कामासाठी ठेवा. रोज संध्याकाळी तुम्ही चहा घेऊन बसाल तेव्हा तो पायाशी अंथरायचा. ब्रुनो वास घ्यायला आला, एक पाय ठेवला, की उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा नखाएवढा तुकडा सतरंजीवरच ठेवायचा, हातातून द्यायचा नाही. बोलायचं पण नाही. शाब्बास ब्रुनो वाह रे वाह असं केलंत की तो उठून नाचायला लागेल आणि सगळं मुसळ केरात. काही दिवसात तो सतरंजी दिसली की येऊन लोळेल. मग फक्त लोळला तरच तुकडा, मग हनुवटी खाली टेकवली तरच, मग श्वास सोडून एका कुशीवर कलंडला तर जास्त चांगला तुकडा, आणि दोन तुकड्यांमधला वेळ हळूहळू वाढवत न्यायचा, मधेच परत कमी करायचा म्हणजे त्याला अंदाज लागत नाही. अर्धा तास टीव्ही चालू असताना सतरंजीवर झोपून घोरायला लागला की पहिली पायरी झाली समजा.

एक गोष्ट आपल्या बडोद्याच्या घरांसाठी मुद्दाम. आजी म्हणते बस रे, मुलगा म्हणतो सिट, कामवाल्या बेन म्हणतात बेस, आणि तुम्ही चिडलात की हिंदीत. कुत्र्याने ऐकायचं कुणाचं? सतरंजीसाठी एकच शब्द ठरवा आणि फ्रीजवर चिकटवून ठेवा, भाषा कुठलीही चालेल.

दुसरी पायरी गच्चीवर. रॉड घ्या, गळ काढून टाका, फक्त वजन बांधा. ब्रुनो सतरंजीवर आणि त्याच्याजवळ घरातलं दुसरं कुणीतरी, बेल्ट धरून. तुम्ही लांब, म्हणजे चांगले वीस-पंचवीस पावलं लांब उभे राहून रॉड नुसता हळू हलवा. कान टवकारले पण उठला नाही तर तुकडा. उठला तर काही बोलायचं नाही, तुम्ही अजून लांब जा आणि अजून हळू हलवा, कारण उठला याचा अर्थ आपण घाई केली. मग पूर्ण कास्ट, म्हणजे दोरा लांब फेकणं, मग रीलचा, म्हणजे दोरा गुंडाळायच्या चकरीचा, कर्रर्र आवाज. हा रीलचा आवाज फार महत्त्वाचा आहे बरं का, बहुतेक कुत्रे रॉडच्या हालचालीवर नाही तर त्या आवाजावर पेटतात, कारण त्यांना कळलेलं असतं की आवाज आला की मासा येतो. घरी तोच आवाज रोज ऐकवा आणि त्यानंतर मासा काही येत नाही, सतरंजीवर पनीर येतं. अंतर कमी करणं, वेळ वाढवणं आणि गडबड वाढवणं या तीन गोष्टी आहेत, एका वेळी एकच वाढवायची, दोन एकदम वाढवल्या की कुत्रा फेल होतो आणि आपण म्हणतो याला अक्कल नाही.

मासा बघून झेप घेऊ नये म्हणून ‘सोड’ हा शब्द शिकवा. बंद मुठीत तुकडा धरा, तो चाटेल, खरवडेल, भुंकेल, तुम्ही दगड. ज्या क्षणी नाक मागे घेतलं त्या क्षणी दुसऱ्या हातातून त्याहून चांगलं काहीतरी. मग उघड्या तळहातावर, मग जमिनीवर, मग जमिनीवर हलणारी वस्तू, दोरीला बांधलेला मोज्याचा बोळा ओढत न्या. शेवटी बाजारातून एक अख्खा मासा आणून दोरीला बांधून बादलीतून वर काढा. शेजारी बघतील, बघू देत.

मधे एक वाईट आठवडा येतो तो आत्ताच सांगून ठेवते. भुंकण्याकडे तुम्ही लक्ष देणं बंद केलंत की भुंकणं आधी वाढतं, खूप वाढतं, कारण आतापर्यंत भुंकल्यावर कुणीतरी वळून ओरडायचं आणि त्याच्यासाठी ते पण बक्षीसच होतं. तिथे हार मानून गप रे म्हणालात की तो शिकला, जास्त जोरात भुंकायला लागतं.

नंतर नदी. पहिल्या काही वेळा रॉड घरीच ठेवायचा. फक्त सतरंजी, पाणी, ब्रुनो, पंधरा-वीस मिनिटं, काठापासून लांब सावलीत बसून परत. अजून बसला असता असं वाटत असतानाच निघायचं. त्यानंतर मित्र गळ टाकतील आणि तुम्ही फक्त ब्रुनोला सांभाळाल. मला माहितेय हे सगळ्यात कठीण आहे, रविवारी पहाटे उठून नदीवर जाऊन रॉडला हात न लावणं, पण ज्याच्या हातात रॉड आहे त्याला कुत्र्याकडे बघता येत नाही आणि ज्या क्षणी मासा लागतो नेमका त्याच क्षणी कुत्र्याला तुमची गरज असते.

जायच्या आधी बॉल फेकून फेकून दमवू नका. लोक म्हणतात दमला की झोपेल, पण बॉलमागे पळून तो तापतो, शांत होत नाही, आणि तसाच तापलेला नदीवर पोचतो. त्यापेक्षा अर्धा तास लांब पट्ट्यावर निवांत वास घेत फिरवा, जिथे थांबेल तिथे थांबा, नाकाला काम दिलं की डोकं दमतं. काठावर काँग नावाचं पोकळ रबरी खेळणं येतं त्यात दहीभात भरून रात्री फ्रीजरमध्ये ठेवलेला द्या, चाटत बसणं हेच त्याच्यासाठी शांत होणं आहे. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी हार्नेस आणि दहा मीटरची लांब दोरी. ती दोरी झाडाला किंवा जमिनीत ठोकलेल्या खुंटीला, तुमच्या फोल्डिंग खुर्चीला नाही, आणि माणूस तिथेच पाहिजे, बांधून गप्पा मारायला लांब जायचं नाही. दोरीची लांबी अशी ठेवा की ताणली तरी तो पाण्यापर्यंत पोचणार नाही. हे का, ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : माझे मिस्टर आणि मुलगा आमच्या मोतीला (देशी, रस्त्यावरून आणलेला, पाच वर्षांचा) मासे पकडायला घेऊन जातात. मोती तसा शांत आहे, पाण्याच्या कडेला बसून राहतो, पाणी पितो, कधी पाय बुडवतो. मला सारखी मगरींची भीती वाटते. मिस्टर म्हणतात कुत्रा भुंकला की मगर लांब जाते, उलट मोती असला की सेफ. खरं आहे का? (मांजलपूर)

उत्तर : नाही. वहिनी, हे उत्तर कापून मिस्टरांच्या टॅकल बॉक्सवर (गळाच्या सामानाच्या पेटीवर) चिकटवा.

कुत्रा हे मगरीचं भक्ष्य आहे. मासे, कासवं, पक्षी आणि काठावर पाणी प्यायला आलेलं डुकराचं पिल्लू किंवा कुत्रा, हे मगर खातेच. भुंकण्याने तिला फक्त कळतं कुठे बसलाय. आणि तुमचा मोती शांत आहे, पाण्याच्या कडेला स्थिर बसतो, मान खाली घालून पाणी पितो, तर हाच सगळ्यात धोक्याचा कुत्रा. उड्या मारणाऱ्या ब्रुनोपेक्षा मला मोतीची काळजी जास्त वाटतेय. मगर पाठलाग करत नाही, नाकपुड्या आणि डोळे तेवढे वर ठेवून गढूळ पाण्यात थांबते, आणि कडेची पहिली दोन-तीन पावलं तिची असतात.

बडोदेकरांना मगर काय असते हे मी काय सांगणार, विश्वामित्री पावागडावरून निघते आणि शहराच्या मधून मगरी घेऊनच वाहते, ऑगस्ट २०२४ च्या पुरात तर सोसायट्यांमध्ये आणि रस्त्यावर मगरी आलेल्या सगळ्या देशाने टीव्हीवर बघितल्या. पण आपल्याला रोज पुलावरून बघायची सवय झालीये ना म्हणून भीती गेलीये. तिकडे चरोतरात, म्हणजे आणंद-खेड्याकडे, मलातजसारख्या गावांमध्ये तळ्यात मगरी आणि काठावर म्हशी असं चालतं हे खरं, पण ती माणसं पिढ्यान् पिढ्या त्याच तळ्यावर आहेत, कुठल्या काठाला कधी जायचं नाही हे त्यांना पाठ आहे, आपण रविवारचे पाहुणे.

त्यामुळे विश्वामित्रीवर कुत्रा न्यायचाच नाही, यावर चर्चा नको. आजव्याच्या तलावावर पण नको, तिथेही मगरी आहेत आणि ते पाणी शहराला प्यायला येतं. महीवर किंवा नर्मदेवर जायचं तर आधी गावातल्या माणसाला विचारा इथे मगर दिसते का, गुराख्याला विचारा, तो खरं सांगतो. वनखात्याची पाटी असेल तर सरळ जागा बदला. हिवाळ्यात सकाळी मगरी ऊन खायला काठावर येतात त्यामुळे निदान दिसतात तरी. फेब्रुवारी ते एप्रिल त्यांचा अंडी घालायचा काळ, नंतर पावसाच्या तोंडाला पिल्लं बाहेर येईपर्यंत मादी घरट्याची राखण करते आणि त्या काळात ती लांबूनही अंगावर येते. शिवाय मगरी काठाच्या मातीत बिळं करतात, खोल, आणि देशी कुत्र्याला बीळ दिसलं की नाक घातल्याशिवाय राहवत नाही.

कुत्रा जिथे न्यायचा तिथे पण सतरंजी पाण्यापासून निदान पंधरा-वीस पावलं वर, उतारावर नाही तर सपाटीवर. प्यायचं पाणी घरून न्यायचं, नदीचं प्यायची सवय मोडायची, त्यासाठी दर पंधरा मिनिटांनी तुम्हीच वाटीत पाणी पुढे करा म्हणजे त्याला खाली जायची गरजच वाटत नाही. साफ केलेल्या माशांची आतडी काठावर टाकून येऊ नका, आज तुम्ही टाकाल, उद्या तिथे मगर वाट बघत बसेल आणि परवा कुणाचं तरी पोर तिथे हात धुवायला जाईल. अंधार पडायच्या आत निघायचं. आणि मगर दिसली तर दगड मारायचे नाहीत, ती वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे म्हणजे वाघाला जेवढं संरक्षण तेवढंच तिला.

मोतीला शिकवायची गोष्ट एकच, आणि ती म्हणजे बोलावलं की येणं. पण चुकूनही बोलावून बेल्ट लावून लगेच घरी न्यायचं असं करू नका, नाहीतर तो शिकतो की ये म्हणजे मजा संपली. दहा वेळा बोलवा, नऊ वेळा तुकडा देऊन परत सतरंजीवर सोडा.

प्रश्न : ताई मी सयाजीगंजला राहतो, कॉलेजला आहे. आमची बीगल चिकू, आमिषाची कणीक खाते!! मागच्या वेळी गळ लावलेला गोळाच तोंडात घेतला होता, नशिबाने मी लगेच काढला. तिला कसं थांबवू आणि खरंच गळ अडकला तर काय करायचं?

उत्तर : अरे बाबा, तुझ्या नशिबाच्या भरवशावर चिकू नको राहू दे. कणकेत तू बडीशेप, तूप, गूळ, अंडं काय काय घालतोस ते मला माहीत नाही पण बीगलच्या नाकाला ते शंभर पावलांवरून येतं आणि सोड शिकवून झालं तरी बीगलसमोर उघडा डबा ठेवणं हा तिच्यावर अन्याय आहे. झाकणाचा घट्ट डबा, आणि गळ लावलेला रॉड कधीही जमिनीवर आडवा ठेवायचा नाही, मिनिटभरासाठी पण नाही. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करून टाक, मासे थोडे निसटतील, पण ज्या दिवशी तो कुणाच्या तरी ओठात जाईल (तुझ्या बोटात पण जाऊ शकतो) त्या दिवशी आभार मानशील.

आता अडकला तर. ओठात किंवा पायात वरवर अडकलाय, टोक बाहेर दिसतंय, तर आला तसा मागे ओढायचा नाही, उलटा काटा मांस फाडतो. दोरा कापून घे, चिकूला चाटू देऊ नको, आणि डॉक्टरकडे ने, ते भूल देऊन टोक पुढे ढकलून, काटा कापून, मग उरलेला मागे काढतात. दोन मिनिटांचं काम आहे पण कुत्री शुद्धीवर असताना तुझ्यासारख्या दोघांनी धरून करायचं काम नाही, दुखतं तेव्हा सगळ्यात प्रेमळ कुत्री पण चावते.

गिळला असेल तर मात्र हे नीट वाच. तोंडातून दोरा बाहेर लोंबतोय म्हणून तो ओढायचा नाही. अजिबात नाही. ओढलास की गळ अन्ननलिकेत रुततो. दोरा तोंडाशीच कापून पण टाकायचा नाही, कारण डॉक्टरांना त्या दोऱ्याचा उपयोग होतो, हातभर बाहेर ठेव आणि पट्ट्याला सैल बांध म्हणजे तो पण आत जाणार नाही. उलटी करवायची नाही, मीठ-पाणी पाजायचं नाही, खायला काही द्यायचं नाही, सरळ गाडीत घालून डॉक्टर, एक्स-रे. गळ धातूचा असतो म्हणून एक्स-रेमध्ये स्वच्छ दिसतो. नुसता नायलॉनचा दोरा गिळला तर तो दिसत नाही आणि खरं सांगायचं तर तो गळापेक्षा वाईट, एक टोक जिभेखाली किंवा पोटात अडकतं आणि दुसरं आतड्याबरोबर पुढे ओढलं जातं, आतडं चुण्या पडून गोळा होतं आणि दोरा ते कापत जातो. दोन दिवसांनी उलट्या, खात नाही, पोटाला हात लावू देत नाही असं दिसलं तर डॉक्टरांना दोऱ्याची शंका तूच बोलून दाखव, त्यांना कसं कळणार तू मासे पकडायला गेला होतास.

आणि काठावर तुटलेला दोरा टाकून येऊ नकोस. उत्तरायणनंतर झाडाझाडावर मांजा लटकतो आणि मग महिनाभर पक्षी अडकत राहतात, नदीकाठच्या तंगूसाचं, म्हणजे गळाच्या नायलॉन दोऱ्याचं, अगदी तसंच आहे, फक्त तो वर्षभर राहतो.

प्रश्न : प्रवासात आणि काठावर शांत राहावा म्हणून गुंगीची गोळी दिली तर? मेडिकलवाला ओळखीचा आहे, देतो.

उत्तर : मेडिकलवाल्याला द्यायची तर द्या, कुत्र्याला नको. गुंगीतला कुत्रा पाण्यात पडला तर पोहत नाही. शिवाय काही गोळ्यांनी अंग ढिलं पडतं पण भीती तशीच राहते, आपल्याला वाटतं शांत झाला. कुत्र्याला खरंच गाडीची किंवा आवाजाची भीती असेल तर डॉक्टर तपासून, वजन बघून औषध देतात, तो विषय वेगळा. आणि करंट देणाऱ्या पट्ट्याबद्दल दोघांनी विचारलंय, त्यांनाही हेच उत्तर, पाण्याकाठी शॉक बसला की कुत्रा पाण्याला, रॉडला किंवा शेजारी बसलेल्या तुमच्या मुलाला घाबरायला शिकतो, आपल्याला हवं ते शिकेल याची काही गॅरंटी नाही.

प्रश्न : मी इंदूरहून, राजेंद्रनगरमधून लिहितेय. आमच्याकडे हे रिटायर झाल्यापासून चोरल डॅमकडे जातात, सोबत आमची जर्मन शेफर्ड राणी, दहा वर्षांची. आधी तासन् तास त्यांच्या पायाशी पडून असायची. आता हल्ली सारखी उठते, बसते, कुं कुं करते, जागा बदलते. हे चिडतात, म्हणतात म्हातारपणी बिघडली. परत ट्रेनिंग द्यायचं का?

उत्तर : काकू, ट्रेनिंग नको, आधी डॉक्टर. दहा वर्षांची शेफर्ड, सारखी उठबस करतेय, म्हणजे बहुतेक कंबर नाहीतर मागचे पाय दुखतायत. या जातीत खुब्याचा त्रास खूप दिसतो. दगडावर किंवा ओल्या मातीवर पंधरा मिनिटं पडलं की अवघडतं, म्हणून उठते, उभं राहून पण दुखतं म्हणून बसते. घरी बघा, सकाळी उठताना मागचा भाग उशिरा उचलतेय का, जिना टाळतेय का, गाडीत चढताना थांबतेय का. डॉक्टर एक्स-रे काढून वेदनेचं औषध देतील. माणसांची दुखण्याची गोळी मात्र हाताने देऊ नका, आपल्याला चालणारी आयबुप्रोफेन, कॉम्बिफ्लाम कुत्र्याच्या पोटाला आणि किडनीला मारक आहे. काठावर जाड गादी, सावली, आणि वेळ अर्धा. काकांना सांगा ती बिघडलेली नाही, ती सांगतेय.

आणि मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट नदी-धरणातली मासेमारी बंदच असते, माशांच्या पैदाशीचा काळ म्हणून, तेव्हा ते दोन महिने राणीला घरीच आराम मिळेल. काकांना करमणार नाही हे मान्य. जे लोक इंदूर-ग्वाल्हेरकडून कुत्रा नवीन तयार करायचा विचार करतायत त्यांना सांगते, सतरंजी, गच्ची आणि मुठीतला तुकडा हे सगळं याच बंदीच्या दोन महिन्यांत बसवा, पंधरा ऑगस्टनंतर थेट काठ.

प्रश्न : पकडलेला छोटा मासा तिथेच कुत्र्याला दिला तर चालेल का? ताजा असतो. आणि आम्ही नाश्ता बरोबर नेतो तो पण मागतो, सेव-उसळ वगैरे. (वाघोडिया रोड)

उत्तर : कच्चा नको. एक तर काटे, दुसरं म्हणजे गोड्या पाण्यातल्या माशांमधून पोटात किडे जातात, आणि बऱ्याच गोड्या पाण्यातल्या माशांच्या कच्च्या मांसात एक असा घटक असतो की तो बी-वन जीवनसत्त्व तोडतो, वारंवार दिलं तर कुत्रा लडखडायला लागतो. शिजवल्यावर तो घटक जातो. पण मला जास्त त्रास वेगळ्याच गोष्टीचा वाटतो, एकदा काठावर मासा मिळाला की गळाला लागलेला प्रत्येक मासा आपलाच असं त्याचं पक्कं होतं, मग सोड कितीही शिकवा. शिंगी आणि शिंगाळ्यासारख्या मिशीवाल्या माशांपासून तर लांबच ठेवा, त्यांच्या परांना टोकदार काटे असतात, शिंगीच्या काट्यात विष असतं, कुत्र्याच्या नाकाला लागलं तर तो दिवसभर विव्हळेल. असा मासा निघाला की आधी बादलीत, वर झाकण, मग गळ काढायचा.

सेव-उसळ नाही म्हणजे नाही. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात, आणि तरीत दोन्ही असतं, भज्यांमध्ये पण असतं. त्याला द्यायचाच असेल तर घरी आणलेला रोहू किंवा कटला मीठ-मसाला न घालता उकडा, काटे हाताने चाचपून काढा, भातात कालवा आणि रात्रीच्या जेवणात घाला. आणि जेवणाआधी कान कोरडे पुसा, पंजांच्या बोटांमध्ये गोचीड बघा, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस दर वर्षी चालू आहे ना ते कार्डावर बघून ठेवा, कारण नदीकाठच्या साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत असतं आणि तो आजार कुत्र्याकडून घरच्यांनाही होतो.